चेहरा नसलेल्या ड्यूकची ओळख

फ्रान्समधील नान्सी शहराच्या कलासंग्रहालयात अझेन देलाक्रवा याने १८३१ मध्ये पूर्ण केलेले, सुमारे साडेतीन मीटर रुंदीचे एक तैलचित्र आहे. ५ जानेवारी १४७७ रोजी याच शहराबाहेर झालेल्या लढाईत बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स मारला गेला, तो प्रसंग त्यात रंगवलेला आहे. मावळतीचा पिवळट उजेड, दलदलीत रुतलेला घोडा आणि ड्यूकवर भाला रोखून आलेला शत्रुपक्षाचा, म्हणजे लॉरेनचा स्वार यांवरून नजर हटत नाही. मात्र विज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाची घटना त्यानंतर दोन दिवसांनी घडली आणि ती या चित्रात नाही.

लढाई संपली तेव्हा ड्यूकचे काय झाले, याचा पत्ता नव्हता. शोध घेताना गोठलेल्या पाण्यात एक विवस्त्र प्रेत सापडले. त्याचे डोके घावाने दुभंगले होते आणि चेहरा लांडग्यांनी कुरतडला होता. ड्यूकच्या वैद्याने आणि सेवकांनी त्याची ओळख पटवली ती वरचे पडलेले दात, १४६५ मध्ये मोंलेरीच्या लढाईत गळ्यावर झालेल्या जखमेचा व्रण आणि लांब वाढवलेली नखे अशा खुणांवरून.

या खुणांचे मोल आजचे न्यायवैद्यकशास्त्रही मान्य करील. खोल जखम भरून येताना कोलॅजेनचे (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) तंतू निरोगी त्वचेसारखे जाळीदार न विणले जाता बरेचसे एकाच दिशेने रचले जातात, तेथे केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी सहसा पुन्हा तयार होत नाहीत, आणि म्हणून व्रण जन्मभर राहतो. दातांची साक्ष मला त्याहून महत्त्वाची वाटते. जिवंतपणी दात पडला, तर जबड्यातील त्याची खोबण काही महिन्यांत नव्या हाडाने भरते आणि कडा झिजून गोलसर होतात. मरतेवेळी किंवा मेल्यानंतर निखळलेल्या दाताची खोबण मात्र तशीच उघडी राहते. त्यामुळे रणांगणावरची ताजी इजा आणि जुनी खूण यांची गल्लत होत नाही.

मृत्यूनंतर नखे वाढतात, हा समज आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षात ती वाढत नाहीत; बोटांची त्वचा सुकून मागे सरकते आणि नखे लांब भासतात. नान्सीच्या ओल्या गारठ्यात दोन दिवसांत त्वचा इतकी सुकणे संभवत नाही, म्हणून प्रेताची लांब नखे हा असा भास नव्हता. शिवाय त्या थंडीने जिवाणूंची वाढ रोखली गेली आणि लांडग्यांच्या तावडीतून सुटलेल्या त्वचेवरचे व्रण वाचता येण्याजोगे राहिले.