प्रकाशाचा वेग वेगळा, विश्वाची स्पीड लिमिट वेगळी

"प्रकाशापेक्षा फास्ट काहीच जाऊ शकत नाही" हे वाक्य शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. प्रकाश प्रत्यक्षात किती वेगाने जातो ही एक, आणि सेकंदाला 2,99,792.458 किमी ही मर्यादा, जिला फिजिक्समध्ये 'सी' म्हणतात, ती दुसरी. निर्वात पोकळीत दोन्ही आकडे सेम येतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

पाण्यात बघा ना. तिथे प्रकाश सेकंदाला साधारण सव्वादोन लाख किमीनेच जातो, कारण त्याची लहर पाण्यातल्या इलेक्ट्रॉन्सना हलवते, ते हललेले इलेक्ट्रॉन्स स्वतःच्या लहरी सोडतात आणि सगळ्यांची मिळून जी लहर बनते तीच हळू पुढे सरकते. आता अशा पाण्यात एखादा इलेक्ट्रॉन त्याहून जास्त स्पीडने घुसला तर? तो खुशाल प्रकाशाला मागे टाकतो! ट्रॉम्बेला 1956 मध्ये सुरू झालेली 'अप्सरा' ही पाण्याच्या टाकीत बुडवलेली अणुभट्टी होती, अशी भट्टी चालू असताना पाण्यात जो सुंदर निळा उजेड दिसतो ना, तो ह्याच पुढे निघून गेलेल्या इलेक्ट्रॉन्समुळे. चेरेन्कोव्ह, फ्रँक आणि टॅम या सोव्हिएत शास्त्रज्ञांना 1958 चं नोबेल यासाठीच मिळालं.

म्हणजे प्रकाशाला ओव्हरटेक करता येतं. 'सी'ला मात्र नाही. तो निळा उजेड देणारा इलेक्ट्रॉनसुद्धा 'सी'च्या खालीच असतो.

1964 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे शास्त्रज्ञ बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉन्सना जास्तजास्त ऊर्जा देऊन त्यांचा वेग थेट मोजला, तर ऊर्जा वाढतच गेली पण वेग 'सी'च्या जवळ जाऊन अडकला. आज युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसीमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, प्रोटॉन 'सी'पेक्षा सेकंदाला फक्त तीनेक मीटरने कमी पडतात, पण तेवढंही अंतर भरून निघत नाही, कारण वस्तुमान असलेल्या कशालाही 'सी' गाठायला अनंत ऊर्जा लागेल. इंजिन कमी पडतं अशातला भाग नाही.

मग ही लिमिट आहेच कशाला, हा खरा प्रश्न. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत जागा आणि काळ एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे समजा एखादा मेसेज 'सी'पेक्षा फास्ट गेला तर वेगळ्या वेगाने चाललेल्या कुणाला तरी तो पाठवायच्या आधीच पोचलेला दिसेल, म्हणजे परिणाम आधी आणि कारण नंतर! 'सी' हे कारण आणि परिणाम यांच्यातलं बंधन आहे, आणि मला तरी फिजिक्समधली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. प्रकाशाला वस्तुमान नाही म्हणून पोकळीत तो नेमका याच वेगाने जातो, बस, एवढाच त्याचा संबंध.

आणि हे नुसतं कागदावर नाहीये. 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिशय घट्ट गाभ्यांच्या) टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे जागा-काळातच उठलेल्या लहरी, आपल्यापर्यंत पोचल्या, ज्यांचा प्रकाशाशी काही संबंधच नाही, आणि त्यांच्यामागून 1.7 सेकंदांनी गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, आले. दोघं साधारण 13 कोटी वर्षं प्रवास करून आलेले, आणि तो 1.7 सेकंदांचा फरकसुद्धा बहुतेक गॅमा किरण तिथूनच उशिरा निघाल्यामुळे पडलेला. म्हणजे प्रकाश नसलेल्या लहरीसुद्धा त्याच 'सी'ने आल्या.