वालाच्या बीवर रंग कोणाचा?

बडोद्यातील आमच्या गच्चीवर पांढऱ्या फुलांची वालपापडी गेली काही वर्षे घरच्याच बियाण्यावर चालत आली आहे. आषाढात बी टोकले की दिवस लहान होऊ लागल्यावर वेल फुलतात आणि उत्तरायणाच्या उंधियूपर्यंत शेंगा पुरतात. गेल्या हिवाळ्यात मात्र पाच वेलांपैकी एकाला जांभळी फुले आली आणि त्याच्या वाळलेल्या शेंगा सोलल्या, तर एकूण एक बी काळपट निघाले. शेजारच्या काकूंच्या कठड्यावर जांभळ्या फुलांचा वाल आहे. "आमच्या वालाचा वारा लागला असेल," असे त्या म्हणाल्या.

वालाचे पराग वाऱ्याने जात नाहीत. फूल हातात घेऊन पाहिले, तर मागे उभी मोठी पताका, दोन बाजूंना दोन पंख आणि मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली, काटकोनात वर वळलेली होडी दिसते. या होडीत दहा पुंकेसर असतात, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा, आणि त्यांच्याच कुशीत कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक, असते. फूल उमलण्याच्या सुमारासच परागकोश फुटतात, त्यामुळे बहुतेक वेळा पाहुणा येण्याआधीच स्वपरागण उरकलेले असते. घेवड्यात (राजमा, फरसबीच्या पिकात) तर ते फारच क्वचित चुकते. तुरीत मात्र परपरागणाचे प्रमाण बरेच जास्त असते. वालावर येणारा मोठा काळा भुंगा पंखांवर बसला की त्याच्या भाराने होडी खाली दबते, कुक्षी बाहेर येऊन त्याच्या अंगाला घासते, आणि त्या अंगावर शेजारच्या वेलाचे पराग असले तर संकर होऊ शकतो.

पण असा संकर त्याच वर्षी डोळ्यांना दिसत नाही, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. बीचे टरफल हा आईच्या ऊतीचा भाग असतो. आतला गर्भ संकरित असला, तरी टरफलाचा रंग आईचाच राहतो. म्हणजे भुंगा आमच्या फुलावर आला असेल तो आदल्या वर्षी. ते बी इतर बियांसारखेच फिकट होते, आम्ही ते निवडून ठेवले आणि पेरले, आणि त्यातून आलेल्या वेलाने आपले गुपित फुलांत व बियांत उघड केले. मटाराच्या पिवळ्या-हिरव्या दाण्यांचे तसे नाही. तिथे रंग टरफलाआतल्या गर्भाच्या डाळिंब्यांचा असतो, म्हणून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला तो संकराच्या शेंगेतच दिसला.

अर्थात बरणीत चुकून दुसरे बी मिसळले असण्याचीही शक्यता होती. याचा निकाल पुढच्या पिढीत लागतो: काळपट बियांची संतती एकसारखी निघाली तर ती भेसळ, आणि तिच्यात पांढऱ्या-जांभळ्याची फाटाफूट झाली तर तो संकर.

वाण शुद्ध राखायचे, तर कळ्या उमलण्याआधी दोन-तीन तुऱ्यांवर मलमलीच्या पातळ पिशव्या बांधाव्यात, शेंगा धरल्यावर त्या काढाव्यात आणि त्या देठांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. वेगळ्या रंगाचे फूल दिसताच तो वेल काढावा. सर्वांत टपोरे बी निवडण्याचा आग्रह मात्र फारसा उपयोगी नाही. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरच दाखवून दिले, की एकाच शुद्ध वंशातील, म्हणजे स्वपरागणाने एकाच झाडापासून चालत आलेल्या, मोठ्या आणि लहान बियांची संतती सरासरीने सारखीच निघते. म्हणून मी बी पाहून निवड करीत नाही, निरोगी आणि भरपूर शेंगा देणारा वेल पाहून करतो. घेवड्याच्या पानांवर मोझॅइक (फिकट-गडद ठिपक्यांचा रोग) दिसला तर त्या झाडाचे बी ठेवूच नये, कारण त्याचा एक विषाणू बियांतूनच पुढे जातो.

शेंग वेलावरच वाळून खुळखुळू लागली की उतरवावी. बीवर नख रुतले नाही, म्हणजे ते पुरेसे वाळले. कडधान्य पोखरणारे भुंगेरे पुष्कळदा शेंगेवरच अंडी घालून ठेवतात, म्हणून सुकलेले बी हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावे. जुन्या घरांतून त्याला राख चोळत, तीही चांगली युक्ती होती.

त्या काळपट बियांपैकी बारा यंदा वेगळ्या कुंड्यांत टोकल्या. आज सकाळी पाहिले, तर आठ रोपांच्या कोवळ्या खोडांवर जांभळी झाक आहे आणि चार अगदी हिरवी आहेत. म्हणजे फाटाफूट झाली, तो बहुधा संकरच होता.