खाण बंद झाली, हे यंत्राला कोण सांगणार?

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पुढच्याच महिन्यात खाणी बंद ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. काही वर्षांनी उत्खनन पुन्हा सुरू झालं, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवलं आणि १६ मार्चपासून खनिज वाहणारे ट्रक परत दारात उभे राहिले. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांचे हप्ते थकले.

आता समजा, याच भागातली एक पतसंस्था कर्जाचे अर्ज तपासायला कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली घेणार आहे. विक्रेता म्हणतो, जुनी कर्जखाती द्या, प्रणाली आपोआप शिकेल. शिकेल खरी, पण काय शिकेल?

अशी प्रणाली जुन्या खात्यांतला पत्ता, व्यवसाय, उत्पन्न, जामीनदार यांचा कर्ज फिटण्या-थकण्याशी असलेला संबंध शोधते आणि त्यावरून नव्या अर्जाला गुण देते. कारणांशी तिला कर्तव्य नसतं. २०१२ पूर्वीच्या खात्यांवर शिकवली, तर ट्रकमालक तिला भरवशाचा कर्जदार वाटेल. नंतरच्या खात्यांवर शिकवली, तर तोच माणूस बुडवा ठरेल. न्यायालयाचा आदेश खतावणीत कुठेच नोंदलेला नसतो. पत्ता आणि व्यवसाय वगळूनही भागत नाही. शाखा कोणती, जामीनदार कुठला, कर्ज कशासाठी, एवढ्यावरून अर्जदार खाणीच्या भागातला आहे, हे प्रणाली पुन्हा हुडकून काढते.

म्हणून तयारीच्या पहिल्या बैठकीला जुना वसुली अधिकारी हवाच, असं माझं ठाम मत आहे. कोणाचे हप्ते कधी आणि का थकले, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याच्याकडून प्रत्येक थकीत खात्यापुढे कारणाचा रकाना भरून घ्यावा: खाणबंदी, कोविड, आजारपण, की खरीच चुकवेगिरी. काम किचकट आहे, महिने खाईल, आणि विक्रेत्याच्या वेळापत्रकात ते कधीच नसतं. नावांचाही गुंता सोडवावा लागतो. एकाच घराचं आडनाव एका कागदावर पोर्तुगीज वळणाचं, दुसऱ्यावर इंग्रजी वळणाचं असतं. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या, उताऱ्यावर तर अजून आजोबांचंच नाव असतं. आपण सहज ओळखतो, पण प्रणालीला ही वेगवेगळी माणसं वाटू शकतात.

विक्रेत्याने दाखवलेली अचूकता दुसरीकडची असते, हेही लक्षात ठेवावं. अमेरिकेत जंतुसंसर्गातून होणाऱ्या सेप्सिसची पूर्वसूचना देणारी एक प्रणाली अनेक रुग्णालयांत वापरात होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ती आपल्या रुग्णांवर तपासली, तेव्हा सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण तिच्या नजरेतून सुटल्याचं २०२१ मध्ये समोर आलं. पतसंस्थेनेही आधी काही महिने प्रणालीचा सल्ला नुसता नोंदवून ठेवावा, कर्ज समितीला दाखवू नये. समिती नेहमीसारखे निर्णय घेईल. नंतर दोन्ही शेजारी ठेवून तालुकावार, व्यवसायवार पाहावं: फरक कुठे पडतो आणि का? पर्यटनाचा हंगाम आणि पावसाळा, दोन्ही या काळात यायला हवेत. समुद्रकिनारी शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेल, चालवणाऱ्याची मिळकत जानेवारीत एक असते, जुलैत दुसरीच.

निर्णयाची जबाबदारी कोणाची, हे संचालक मंडळाच्या ठरावात पदासह लिहिलेलं हवं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली होती. आपला चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, अशा अर्थाचा कंपनीचा बचाव कॅनडातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे कर्ज नाकारलेल्या सभासदाला ‘संगणक नाही म्हणतो’ हे उत्तर मिळता कामा नये. त्याला समजेल असं कारण सांगणारा, फेरविचार करू शकणारा आणि वेळ पडल्यास प्रणाली बंद करू शकणारा माणूस शाखेत असला पाहिजे.

आणि एक नियम तर प्रणालीची वाट न पाहता आजच करावा. सभासदाच्या अर्जाचा फोटो फुकटच्या चॅटबॉटला देऊन त्याचा सारांश काढणं कोणत्याही कर्मचाऱ्याला मोबाइलवर सहज जमतं. त्याचा हेतू वाईट नसतो, काम लवकर उरकायचं असतं. पण कर्जासाठी विश्वासाने दिलेली माहिती अशी बाहेर जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेतल्या हयगयीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काय चॅटबॉटला द्यायचं नाही, याची यादी प्रत्येक शाखेत लावावी आणि शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ती समजावून सांगावी.