टॉरस की सेबल? आधी दोन दिव्यांच्या मधे बघा

फोर्ड टॉरस आणि मर्क्युरी (हा फोर्डचाच दुसरा ब्रँड) सेबल या दोन अमेरिकन सेडान सख्ख्या बहिणी आहेत हे कुणीही सांगेल. त्यातली कुठली कोण, इथे मात्र गाडीवेडेही अडखळतात. दोघी 26 डिसेंबर 1985 ला एकाच दिवशी बाजारात आल्या. सांगाडा एक, 3 लिटरचं व्ही-6 इंजिन एक, कारखानेही तेच, अटलांटा आणि शिकागोचे. एकीच्या नावात वृषभ रास, दुसरीच्या ब्रँडमध्ये बुध. पत्रिका बघूनच बारसं केलं असावं!

ओळखायचं तर रात्री सगळ्यात सोपं. एरवी जाळी असते त्या जागी, सेबलच्या दोन हेडलाइटच्या मधे आडवी पारदर्शक पट्टी होती आणि तिच्यामागे मंद बल्ब. दिवे लावले की गाडीच्या नाकावरून प्रकाशाचा एकच पट्टा उमटायचा. रस्ता दिसायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, सगळा थाट बघणाऱ्यासाठी. आज नव्या गाड्यांच्या तोंडावर एलईडीची पट्टी दिसली की मला सेबलच आठवते. टॉरसला जाळीच नव्हती. सपाट नाकावर फोर्डचा निळा अंडाकृती बिल्ला आणि इंजिनला हवा बंपरच्या खालून.

दिवसा बाजूने बघा. सेबलच्या मागच्या चाकावर पत्रा जरा खाली उतरलेला, आणि मागची काच काळ्या खांबांवरून बाजूंना वळल्यासारखी. टॉरसला मागच्या दारापाठी छोटी तिसरी खिडकी. हवेचा अडथळा मोजणारा गुणांक (कमी तितका चांगला) सेबलचा 0.32, टॉरसचा 0.33. म्हणजे वारा कापण्यात थोरली सेबलच, असं माझं मत.

एवढा वेगळेपणा जपला नाही तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. 1983 मध्ये एका अमेरिकन मासिकाने जनरल मोटर्सच्या चार ब्रँडच्या गाड्या एकाच रंगात मुखपृष्ठावर उभ्या केल्या होत्या. ओळखता येईनात, आणि कंपनीचं हसं झालं. फोर्डमध्ये डिझाइनची सूत्रं जॅक टेलनॅक यांच्याकडे होती आणि प्रकल्पाची ल्यू वेराल्डींकडे. वेराल्डींच्या चमूने प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या विकत आणून खोलून पाहिल्या. बॉनेटखाली मालकाने स्वतः तपासायच्या जागा, ऑइलच्या पट्टीपासून, पिवळ्या रंगाने दाखवल्या. ही सोय दोघींना मिळाली.

यामाहाचं 220 अश्वशक्तीचं इंजिन मात्र 1989 पासून फक्त टॉरसच्या एसएचओ या वेगवान आवृत्तीला मिळालं. नावलौकिकही टॉरसचाच: 1992 ते 1996 सलग पाच वर्षं ती अमेरिकेत सर्वाधिक खपणारी मोटार होती. मग 1996 च्या मॉडेलवर अंडाकृतीचा इतका मारा झाला की मागची काचसुद्धा अंड्यासारखी! पुढच्या वर्षी टोयोटा कॅमरी पुढे गेली.

सेबल 2005 मध्ये बंद झाली, टॉरस ऑक्टोबर 2006 मध्ये. आणि इथे नवा घोळ सुरू होतो. 2008 च्या मॉडेलला फोर्डने 'फाइव्ह हंड्रेड' नावाच्या वेगळ्याच, मोठ्या गाडीवर टॉरसची पाटी लावली, मर्क्युरीच्या 'मॉन्टेगो'वर सेबलची. ही सेबल 2009 मध्येच संपली, पुढच्या वर्षी मर्क्युरी ब्रँड गुंडाळत असल्याचं फोर्डने जाहीर केलं. अमेरिकेतली टॉरस मार्च 2019 पर्यंत बनत राहिली. तेव्हा कुणी नुसतं 'टॉरस' म्हणालं तर आधी साल विचारायचं.