सॉफ्टवेअर परवाना-निवड

स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावा, बदलावा आणि पुढे वाटावा हे ठरवून त्याला लेखी परवाना जोडणे. परवाना न जोडता कोड नुसता सर्वांसमोर ठेवला, तर तो मुक्त होत नाही. हक्क लेखकाकडेच राहतात. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची गोष्ट निराळी. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसल्यास तो मालकाचा ठरतो, म्हणजे निवडीचा प्रश्न प्रोग्रॅमरपुढे येतच नाही.

खुल्या परवान्यांचे ढोबळ दोन गट आहेत. एमआयटी, बीएसडी व अपाची २.० (२००४) यांत मूळ हक्कसूचना व परवान्याचा मजकूर राखला की कोड बंदिस्त (ज्याचा कोड उघड केलेला नाही अशा) उत्पादनातही घालता येतो. अपाचीत पेटंटची परवानगीही स्पष्ट लिहिलेली आहे. दुसऱ्या गटातील जीपीएल म्हणजे जनरल पब्लिक लायसन्समध्ये (१९८९; दुसरी आवृत्ती १९९१, तिसरी २००७) प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने सोर्स कोडही (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) त्याच अटींवर द्यावा लागतो. या अटीला ‘कॉपीलेफ्ट’ म्हणतात.

या शब्दाच्या उगमाबद्दल एकमत नाही. १९७६ मध्ये ली-चेन वाँग यांच्या ‘पालो आल्टो टायनी बेसिक’ या बेसिक भाषेच्या छोट्या आवृत्तीच्या छापील कोडच्या माथ्यावर ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड’ अशी, ‘कॉपीराइट, ऑल राइट्स रिझर्व्ड’ची थट्टा करणारी ओळ आढळते. जीपीएलचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या सांगण्याप्रमाणे मात्र प्रोग्रॅमर डॉन हॉपकिन्स यांनी १९८४ किंवा १९८५ मध्ये पाठवलेल्या पत्राच्या पाकिटावरील ‘कॉपीलेफ्ट – ऑल राइट्स रिव्हर्स्ड’ या ओळीवरून त्यांना हा शब्द सुचला. छापील पुरावा वाँग यांच्या बाजूने असला, तरी तिथे शब्द थट्टेपुरताच दिसतो. कायदेशीर अर्थ त्याला स्टॉलमन यांच्या वापरातून आला, असे मानणे अधिक योग्य.

निवड बरेचदा आधी घेतलेल्या कोडनेच बांधलेली असते. जीपीएल प्रसिद्ध करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मिसळता येतो, दुसरीत नाही. म्हणून ‘किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती’ हे चार शब्द परवान्याच्या सूचनेत आहेत की नाहीत, हे पाहावे लागते; ते असतील तरच दुसऱ्या आवृत्तीचा कोड तिसरीच्या अटींवर नेता येतो. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात) ते नाहीत. तो दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. त्याचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्या १९९१ च्या पहिल्या परवान्यात तर पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ च्या सुरुवातीला त्यांनी जीपीएल घेतला. आता कर्नलचा परवाना बदलायचा तर हजारो लेखकांची संमती लागेल. उलट सर्व हक्क एका हाती असल्यास मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रॅमप्रमाणे तोच कोड जीपीएलवर आणि विकत, असा दुहेरीही देता येतो.

भारतापुरता एक मुद्दा सहसा निसटतो. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १९ नुसार हक्क-हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे धरतात. कलम ३०-अ हीच तरतूद आवश्यक फेरफारांसह परवान्यांना लावते. अपाची २.० मध्ये ‘कायमस्वरूपी’ व ‘जगभर’ हे शब्द आहेत. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मुदत कॉपीराइट असेपर्यंतची आहे. एमआयटीच्या त्रोटक मजकुरात मुदतही नाही, प्रदेशही नाही. अक्षरशः वाचल्यास त्याची परवानगी भारतात पाच वर्षांत संपते असा अर्थ निघू शकतो. व्यवहारात मात्र हा परवाना बेमुदतच समजला जातो.