राशीवरचं नाव कागदावर कसं आलं

हल्ली जळगाव-धुळ्याकडे बाळ झालं की दवाखान्यातूनच जन्माची वेळ मिनिटासकट लिहून घेतात, आणि संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, रास अमुक, अक्षर अमुक, नावं सुचवा. हे वाडवडिलांपासून असंच चालत आलंय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण आपल्याकडे तरी तसं नव्हतं. अक्षर पूर्वीही काढायचे, पण ते नाव पत्रिकेत पडून राहायचं, लग्नाच्या वेळी गुण जुळवायला बाहेर यायचं, आणि पोराला हाक वेगळ्याच नावाने मारायचे. जन्मनाव, नावरस नाव म्हणतात ते हेच.

फार मागचं थोडक्यात सांगतो. नक्षत्रावरून नाव ठेवणं राशींपेक्षा जुनं आहे, पाणिनीच्या व्याकरणात नक्षत्रावरून पडणाऱ्या नावांसाठी चक्क वेगळं सूत्र आहे. बारा राशी नंतर आल्या, ग्रीकांशी संबंध आल्यावर. खान्देशचाही या विद्येशी जुना संबंध आहे, चाळीसगावजवळ पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे, त्यात सिद्धान्तशिरोमणी हा ज्योतिषग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला दान मिळालं असं कोरलंय. पाटणादेवीला दर्शनाला हजारो जातात, हे माहीत असलेले फार थोडे, याचं खरंच वाईट वाटतं.

आता आपल्या आजोबा-पणजोबांची नावं आठवा. सुपडू, उखर्डू, शेनफडू, दगडू, झिपरू, भिका. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून याला तरी दृष्ट लागू नये, यासाठी ठेवलेली ही नावं. बायकांमध्ये तापीबाई, नदीवरून. सातपुड्यात जन्मवारावरून नावं असायची, सोमा, बुधा अशी. यात रास कुठेच नाही. बारशाला फुईने, म्हणजे आत्याने, कानात कुर्र केलं की झालं, आणि पुढे शाळेत घालताना मास्तर जे लिहितील ते कागदावरचं नाव. जन्मतारीख पण तशीच, जून महिन्यात शाळा म्हणून १ जून. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या आधार कार्डावर आजही १ जून आहे, त्यामुळे कागदावरच्या तारखेवरून त्यांची रास काढायला गेलं तर काहीच अर्थ निघत नाही.

बदल माझ्या मते १९९० च्या आसपासपासून जाणवायला लागला. एक तर बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली आणि वेळ नक्की मिळू लागली. पत्रिकेतली रास म्हणजे जन्मवेळी चंद्र असतो ती, चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो पण नक्षत्राच्या एका चरणात, म्हणजे चौथ्या हिश्श्यात, फक्त सहा तासांच्या आसपास, आणि अक्षर चरणावर असतं, त्यामुळे "पहाटे कोंबडा आरवला तेव्हा" एवढ्या माहितीवर अक्षर छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. दुसरं म्हणजे सुरत. आपली अर्धी भाऊबंदकी तिकडे उधन्याला कामाला, आणि गुजरातेत राशीच्या अक्षरावरूनच शाळेतलं नाव ठेवायची पद्धत आधीपासून रुजलेली, तिथे जन्मलेल्या पोरांची नावं तशीच पडत गेली आणि सुट्टीत गावी आली की इकडच्यांनीही तोच पायंडा उचलला.

नाव कागदावर गेलं तेव्हा एक जुना वाद पण सोबत आला, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे १०८ चरणं आणि प्रत्येकाला एक अक्षर, चू चे चो ला अश्विनीपासून सुरू. एक चरण ३ अंश २० कलांचं. पण मोजायला सुरुवात आकाशात कुठून करायची? यावर महाराष्ट्रातच दोन पक्ष आहेत. चित्रा पक्ष म्हणतो चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरा, रैवत पक्ष म्हणतो रेवती नक्षत्रातला एक फिकट तारा धरा. दोघांत फरक साधारण ४ अंशांचा, म्हणजे एका चरणापेक्षा जास्त. केंद्र सरकारने १९५२ मध्ये पंचांग सुधारायला समिती नेमली, १९५५ मध्ये तिचा अहवाल आला, त्यात चित्रेला धरून २१ मार्च १९५६ चं अयनांश, म्हणजे वसंत संपातापासून या सुरुवातीच्या बिंदूचं अंतर, २३ अंश १५ कला ठरवलं, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सणवार आणि सरकारी तारखांसाठी देशभर एक हिशोब हवा होता, तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण रैवत पक्षाची पंचांगं बंद झाली नाहीत, टिळक पंचांग आजही निघतं.

बारशाच्या घरात याचा परिणाम काय ते बघा. समजा चित्रा पक्षाने मुलीचं मृग नक्षत्राचं दुसरं चरण नुकतं लागलंय, रास वृषभ, अक्षर वो. तीच वेळ, तेच गाव, रैवत पक्षाने मोजलं तर चंद्र पुढे सरकतो, मृगाचं तिसरं चरण, रास मिथुन, अक्षर का. आपल्याकडे बहुतेक गुरुजी चित्रा पक्षाचंच पंचांग उघडतात त्यामुळे गावात वाद होत नाही, पण सासर कोकणातलं असलं किंवा ॲपवर सेटिंग वेगळं असलं की दोन अक्षरं येतात आणि मग कोण चुकलं यावर घरात भांडण. चुकलेलं कुणीच नसतं. चिठ्ठीवर अक्षरासोबत कोणत्या पक्षाने काढलं एवढं लिहायची पद्धत पडायला पाहिजे, हे मी कळकळीने सांगतोय.

काही चरणांना ङ, ञ, ण अशी अक्षरं येतात, त्यांच्या जागी ग, ज, ड घ्यायची सोय जुनीच आहे. ब आणि व, श आणि स एकच धरतात.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंटरनेटवरच्या याद्यांनी नवीनच घोळ घातला. तिथे बऱ्याचदा रास जन्मतारखेवरून देतात, म्हणजे सूर्याची, आणि ती पण पाश्चात्त्य सायन हिशोबाने, म्हणजे तारे न धरता वसंत संपातापासून मोजून. ऑगस्टच्या दहा तारखेचं बाळ तिथे सिंह राशीचं, आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणाऱ्या, पंचांगात त्या दिवशी सूर्य अजून कर्केत असतो, आणि चंद्र कुठल्याही राशीत असू शकतो. आपण संक्रांत १४-१५ जानेवारीला करतो, सूर्य मकरेत गेला म्हणून, त्या याद्यांत मकर २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, यावरून फरक लगेच कळतो. सिंह आवडली म्हणून केसरी किंवा मृगेंद्र ठेवायला काहीच हरकत नाही, चांगली नावं आहेत, फक्त ते नावरस नाव समजून पत्रिकेत लिहू नका.

घाई वाढलीय ती कायद्यामुळे. १९६९ च्या कायद्याखाली जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, नाव मात्र नंतर टाकता येतं, १२ महिन्यांपर्यंत फुकट आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारीख आणि ठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे मास्तरांनी शाळेत नाव आणि तारीख लिहायचा काळ संपला. आता बारशाला गुरुजींनी सांगितलेलं अक्षर थेट नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला चढतं.