नेम (नामसाधना)

नेम म्हणजे रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसून ठरल्याइतके केलेले नामस्मरण. बहुतेक घरांत त्याला दोन जोड असतात: एखाद्या ग्रंथाचे थोडे वाचन आणि रात्री झोपण्यापूर्वी स्वतःच्या दिवसभरातल्या वागण्याचा घेतलेला झाडा. वारीला सवड लागते, पारायणाला सोवळे लागते; नेमाला एक माळ आणि अर्धा तास पुरतो. त्यामुळे तो धरणे सोपे आणि टिकवणे अवघड.

परंपरा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नेमाच्या तीन ठळक धारा आहेत. पहिली समर्थ रामदासांची (१६०८–१६८२). साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर त्यांची समाधी आहे. चाफळचे राममंदिर आणि अकरा मारुतींपैकी सात साताऱ्यात, तर बहे आणि शिराळा येथील दोन सांगलीत येतात. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा मंत्र याच धारेतला. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत त्याचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. हिशेब केला तर दिवसाला जवळजवळ ३०,००० जप होतो. प्रपंचातल्या माणसाने तो आकडा नमस्कारापुरता ठेवावा.

हाच मंत्र माण तालुक्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) यांनी घरोघर पोचवला. त्यांचा भर संसारी माणसावर होता: नोकरी-शेती सोडायची नाही, नाम सोडायचे नाही. तारीखवार रोज एक प्रवचन वाचण्याची पद्धत त्यांच्या भक्तांत आजही चालते.

दुसरी धारा जत तालुक्यातल्या उमदीची. भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३–१९१४) यांच्या संप्रदायात 'नेमाला बसणे' म्हणजे श्वासाच्या लयीत नाम घेत, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी नासाग्री (नाकाच्या शेंड्याकडे) दृष्टी ठेवून केलेले ध्यान. इथे माळ दुय्यम. तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे (१८८६–१९५७) याच परंपरेतले.

तिसरी धारा दत्तसंप्रदायाची. गुरुचरित्रात ज्यांची कथा आहे त्या नृसिंह सरस्वतींचे कृष्णाकाठच्या औदुंबरला वास्तव्य झाल्याने तिथे या ग्रंथाचे सप्ताह चालतात. सात दिवसांच्या पारायणात पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्यापर्यंत असे टप्पे बांधलेले असतात. पारायण संपते, नेम संपत नाही. दोन्ही एकच धरून चालणारे सप्ताह उठला की रिकामे होतात.

माळ

जपमाळेत १०८ मणी आणि माळेच्या जोडावरचा एक मेरुमणी असतो. जप १०० धरतात. वरचे आठ चुकलेल्या, अडखळलेल्या जपाची भरपाई म्हणून सोडतात. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. हात छातीशी असावा, मांडीवर पडू देऊ नये. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही. माळ फिरवून आलेल्या वाटेने परत जायचे.

विकत घेताना दोन मण्यांमध्ये गाठ आहे का, ते पाहावे. गाठी नसलेल्या माळेत मणी सरकतात आणि एका ओढीत दोन जातात. तुळशीच्या माळेला पाणी आणि साबण लागला की मणी तडकतात, म्हणून जपाची माळ अंघोळीला गळ्यात नको. दोरा मळून काळा झाला, तुटू लागला की माळ पुन्हा गाठवून घ्यावी.

माळ नसेल तेव्हा करमाळ. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात. मग तिचे खालचे पेर, करंगळीचे खालचे, मधले, वरचे, अनामिकेचे वरचे, मधल्या बोटाचे वरचे, तर्जनीचे वरचे, मधले, खालचे. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरे मेरू समजून सोडतात. दहांचा हिशेब डाव्या हाताच्या बोटांवर ठेवायचा. एस. टी.त, दवाखान्याच्या बाकावर, रांगेत हीच रीत कामाला येते.

किती आणि केव्हा

तेरा अक्षरांचा मंत्र स्पष्ट म्हटला तर एक माळ चार ते पाच मिनिटांत होते. अकरा माळांना पाऊण तास ते पंचावन्न मिनिटे लागतात. कुणी वीस मिनिटांत अकरा माळा उरकत असेल तर सेकंदाला एक जप पडतो. त्यात 'जय जय'मधला एक 'जय' गिळला जातोच. महिन्यातून एकदा घड्याळ लावून एक माळ मोजावी. तीन मिनिटांच्या आत संपली तर वेग उतरवायचा.

नव्याने धरणाऱ्याने एक किंवा तीन माळा धराव्यात आणि सव्वा महिना त्यात बदल करू नये. पहिल्या आठवड्याच्या उत्साहात अकरा माळा ठरवणे हे नेम मोडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. पाहुणे आले, ताप आला, लग्नाची घाई झाली, अशा दिवशीही जेवढा होईल तेवढाच नेम खरा.

पहाटेची वेळ उत्तम मानतात, पण ती घराच्या कामाशी जुळली पाहिजे. जिथे पहाटे धारा काढून दूध केंद्रावर पोचवायचे असते तिथे नेम त्यानंतर. उसाला रात्रीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्याने घड्याळाऐवजी कामाला वेळ बांधावी: मोटार बंद करून घरी आले, हातपाय धुतले, की चहाआधी बसायचे. कारखान्याच्या पाळीत काम करणाऱ्यांनाही हेच लागू. पाळी बदलली की घड्याळाची वेळ मोडते, 'अंघोळीनंतर लगेच' हा क्रम मोडत नाही.

एखादा दिवस चुकला तर त्या रात्री अंथरुणावर बसून एक माळ करावी आणि विषय संपवावा. थकबाकी पुढे ओढू नये. तीन दिवसांच्या राहिलेल्या माळा चौथ्या दिवसावर टाकल्या की पाचव्या दिवशी माणूस बसतच नाही.

नामाला सोयरसुतक आणि सोवळे-ओवळे नाही, हा नाममार्गाचा दंडक आहे. सुतकात किंवा मासिक पाळीच्या दिवसांत ग्रंथाला हात न लावण्याची ज्या घराची रीत असेल तिथेही मनातला जप थांबवत नाहीत.

बैठक आणि जपाचे प्रकार

घोंगडी चौपदरी घालून मागची बाजू दोन बोटे उंच केली की गुडघे खाली टेकतात आणि कंबर धरत नाही. नुसत्या फरशीवर बसू नये. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते. पाय मात्र जमिनीला टेकलेले हवेत. उदबत्ती लांब ठेवावी, नाहीतर अर्धा नेम खोकण्यात जातो.

जप वैखरी (ऐकू येणारा), उपांशु (फक्त ओठ हलणारा) आणि मानस असा तीन प्रकारचा. मानस श्रेष्ठ म्हणतात, म्हणून नवे लोक तिथूनच सुरुवात करतात आणि पाच मिनिटांत पेंगतात. आधी पुटपुटत, मग ओठांनी, मग मनात असा उतार घ्यावा. झोप आली की पुन्हा आवाजात यावे. तरीही डुलकी लागत असेल तर बसण्यापूर्वी बारा सूर्यनमस्कार घालावेत. साताऱ्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केलेल्या जिल्ह्यात हा उपाय सुचायला अडचण नसावी.

मन भटकते म्हणून नेम सोडणारे पुष्कळ. भटकणे हा बिघाड नाही; परत आल्यावर मणी सरकला की नाही याची शंका आली तर मागचा मणी पुन्हा घ्यावा आणि पुढे चालावे. नासाग्री दृष्टीत मात्र खरी चूक होते. डोळे ताणून नाकाच्या शेंड्याकडे रोखले की कपाळ दुखू लागते. पापण्या अर्ध्या उतरू द्याव्यात, नजर सैल असावी; दुखले तर डोळे मिटून घ्यावेत.

वाचन

दासबोधात २० दशक, २०० समास आणि ७,७५१ ओव्या आहेत. रोज एक समास वाचला तर २०० दिवसांत ग्रंथ होतो. सरासरी समास चाळिसेक ओव्यांचा, म्हणजे सावकाश वाचून पंधरा मिनिटांचा. वाचलेल्यातली एकच ओवी दिवसभर सोबत ठेवावी.

झाडा

नेमाचा हा भाग सर्वांत जास्त टाळला जातो. माळ मोजता येते, म्हणून ती बरी वाटते. वर्षानुवर्षे जप करणारा माणूस बांधाच्या वादात तसाच्या तसा उरलेला दिसतो, तेव्हा बहुधा झाडा घेतलेला नसतो.

रीत अशी: दिवा मालवण्यापूर्वी दहा मिनिटे बसून दिवस उलटा पाहायचा, रात्रीपासून सकाळकडे. जिथे मन बोचते किंवा चटकन पुढे सरकू पाहते, तिथे थांबायचे. साध्या वहीत तीनच ओळी लिहायच्या: काय घडले, त्या क्षणी मला काय हवे होते, उद्या काय करीन. दूध केंद्रावर भांडण झाले असेल तर 'आज राग आला' ही नोंद कुचकामी. 'फॅट कमी लागली, आवाज चढवला. चारचौघांत आपले दूध पातळ ठरले हे सोसले नाही. उद्या केंद्रावर गेल्यावर आधी केंद्रावरच्या माणसाशी नीट बोलेन,' एवढे लिहिले की काम झाले.

वही बिघडते ती दोन तऱ्हांनी. एक, तिच्यात सासू, भाऊ, साहेब यांचेच दोष भरतात; वाक्याचा कर्ता 'मी' नसेल तर ती ओळ खोडावी. दुसरे, षड्रिपूंचे सहा रकाने आखून फुल्या मारणे. पंधरा दिवसांत फुल्या सवयीने पडू लागतात. वही घरात कुणाला दाखवू नये. वाचणारा आहे म्हटले की लिहिणारा शहाणा होतो.

झाड्यामुळे स्वतःचा तिटकारा येऊ लागला, झोप उडाली, जप करताना आवाज ऐकू येऊ लागले किंवा जीव नकोसा वाटू लागला तर साधना वाढवू नये. माळ एकवर आणावी, झाडा थांबवावा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी 'अनुभव येत आहेत' असे समजून मौन आणि उपवास वाढवल्याने नुकसान होते.

क्षेत्रातला मुक्काम

वर्षातून दोन-तीन दिवस गोंदवले, सज्जनगड किंवा औदुंबरला राहून नेम वाढवण्याची प्रथा आहे. मार्गशीर्ष वद्य दशमीला गोंदवल्यात पुण्यतिथी आणि माघ वद्य नवमीला सज्जनगडावर दासनवमी असते. त्या दिवसांत गर्दीमुळे एकांत मिळत नाही. बसायचेच असेल तर उत्सव टाळून जावे. तिथे काकड आरती, जेवण, झोप यांच्या वेळा दुसरे कुणी सांभाळते, म्हणून पंचवीस माळा सहज होतात. घरी परतल्यावर तोच आकडा चालवायला गेले की आठवड्यात सगळेच सुटते. मुक्काम संपवून निघताना घरच्या नेमात फार तर एक माळ वाढवावी.